साडेचार युनिटांचे एक्क्याण्णव हजार

२०२४ च्या गुढीपाडव्याला मी शेडमध्ये एक दोनशे पानी वही आणून ठेवली. पोरांना सांगितलं, लाईट गेली की वेळ लिहायची, आली की वेळ लिहायची, आणि त्या वेळी कुठल्या मशीनवर कुठला जॉब होता तेही लिहायचं. त्याआधी मी जनरेटरसाठी कर्ज मागायला बँकेत गेलो होतो. मॅनेजरनी विचारलं, "लाईट जाऊन तुमचं वर्षाला नुकसान किती होतं?" मी म्हटलं, लई होतंय साहेब. ते म्हणाले, लई म्हणजे किती ते कागदावर आणा. मला सांगता येईना. वीस वर्षं लाईटच्या नावानं बोटं मोडतोय आणि हातात आकडा एक नाही.

आमच्याकडे दोन सीएनसी, एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लोखंड कापायची मशीन, आणि पाच पोरं. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव लोखंडाचा तुकडा) येतं, ते मशीनिंग करून परत द्यायचं, म्हणजे जॉबवर्क. शेड कोल्हापूरच्या कुठल्या औद्योगिक वसाहतीत आहे ते सांगत नाही. शिरोली धरा, गोकुळ शिरगाव धरा, कागल धरा, गोष्टीत फरक पडत नाही. वडील उद्यमनगरात ऑइल इंजिनं जुळवायचे. गावात वीज नव्हती तेव्हा उसाला पाणी आणि गुऱ्हाळाचा घाणा या इंजिनांवर चालायचा. वीज पोचत गेली तशी ती इंजिनं कमी होत गेली. माझ्या व्हीएमसीवर सगळ्यात जास्त वेळ चालतो तो जॉब फ्लायव्हील हाउसिंगचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावरच्या कवचाचा. ते हाउसिंग बसतं डिझेल इंजिनाला आणि ते इंजिन जनरेटरला. बरेचसे सेट आफ्रिकेत जातात, असं माल घेणाऱ्या पार्टीचे पर्चेसवाले सांगतात. तिकडं कुणाची तरी लाईट जाते म्हणून माझ्या घरची चूल पेटते, आणि इथं माझी लाईट गेली की त्यांचा माल अडकतो.

पहिले दोन महिने वही नीट भरली नाही. लाईट तास-दोन तास गेली की पोरं लिहायची, सेकंदात परत आली तर सोडून द्यायची. मग व्हीएमसीवरच्या पोरानं त्याला नावच पाडलं, "गेली-आली". वहीत नुसतं "११.४२ गे-आ, हाउसिंग गेलं" असं लिहायला सुरुवात केली. पुढचा सगळा हिशेब या गे-आ नं फिरवला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दोन सेकंद लाईट गेली त्यात काय एवढं. घरी पंखा जरा मंदावतो आणि परत फिरतो. मशीनवर काय होतं ते बघा. हाउसिंगच्या बोअरमध्ये, म्हणजे मधल्या गोल भोकात, टूल आत आहे, शेवटचा फिनिश कट चाललाय. लाईट गेली की टूल फिरवणारा स्पिंडल आपल्या वजनानं थोडा फिरत राहतो, फीड, म्हणजे टूलचं पुढं सरकणं, मात्र जागच्या जागी थांबतो. इन्सर्टचं, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या पात्याचं, टोक एकाच जागी घासतं आणि बोअरच्या भिंतीवर एक गोल रेघ उमटते. डोळ्याला दिसतही नाही, नख फिरवलं की अडकतं. नख अडकलं की तो जॉब बाद. कास्टिंग आमचं नसतं, पार्टीचं असतं, त्यामुळं महिनाअखेरीला डेबिट नोट येते, बाद मालाचे पैसे आमच्या बिलातून कापले जातात. मशीनवर तोवर सगळे अलार्म लाल झालेले. रिसेट करायचं, एकेक अॅक्सिस रेफरन्सला न्यायचा, टूल हळूच बाहेर काढायचं, इन्सर्ट बदलायचा, पहिला पीस काढून मोजायचा. चाळीस मिनिटं कुठं गेली कळत नाही, आणि तीनही मशीनवर एकदमच ही धांदल.

मार्च २०२५ अखेर वही घेऊन बसलो. वर्षात लाईट गेली ६३ वेळा, एकूण अंदाजे ७१ तास. त्यात ९ वेळा आधी मेसेज आला होता, अमुक दिवशी अमुक वेळेत देखभालीसाठी बंद. त्या ९ वेळांचेच ४४ तास झाले. ब्रेकडाउन २३ वेळा, त्याचे २७ तास. उरलेल्या ३१ गेली-आली. सगळ्या मिळून अंधार नऊ मिनिटं.

आता पैसे. मेसेज येऊन गेलेल्या ४४ तासांचं नुकसान सहा हजार, तेही ओव्हरटाइमचं. सुट्टीचा दिवस पुढं-मागं केला, मशीनचं ऑइल बदललं, चिप्स साफ केल्या, दिवस भरला. ब्रेकडाउनच्या २७ तासांचे ५८ हजार. आणि त्या नऊ मिनिटांचे? वाया गेलेल्या वेळेचे ३१ हजार, इन्सर्ट आणि टूलचे १८ हजार ६००, बाद झालेल्या २२ जॉबच्या डेबिट नोटा ४१ हजार ८००. बेरीज ९१ हजार ४००. मी तीनदा केली.

आमचा लोड चालू असताना सरासरी ३० किलोवॉट धरला, तर नऊ मिनिटांत आम्ही साडेचार युनिट वापरली असती. म्हणजे न आलेल्या एका युनिटची किंमत वीस हजार रुपये. ब्रेकडाउनमधल्या युनिटची बहात्तरच्या आसपास, सांगून गेलेल्या युनिटची साडेचार. बिलाला युनिटांनी भागलं तर आलेलं युनिट मला दहा रुपयांच्या थोडं वर पडतं. अर्थशास्त्राची माणसं न मिळालेल्या युनिटाच्या या किमतीवर जाड जाड पुस्तकं लिहितात. मला ती दोनशे पानी वहीत सापडली. तीच वीज, तीच तार. बदलतं ते एवढंच, की मला आधी कळलं होतं का.

यावरून लोडशेडिंगचे दिवस आठवले. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला, मागणी वाढत राहिली, आणि पुढची दहाएक वर्षं महाराष्ट्रानं लोडशेडिंग काढलं. तेव्हा मी नुकताच धंद्यात आलो होतो. तास जास्त जायचे, पण वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं असायचं. लाईट जायच्या दहा मिनिटं आधी वडील ओरडायचे, "टूल भाईर काढा रं!" जॉब बाद झालेला मला आठवत नाही. आज तास कितीतरी कमी जातात आणि डेबिट नोटा जास्त येतात. मशीनही बदलली, हे खरं. जुन्या लेथला दोन सेकंदांचं काही वाटायचं नाही.

आकडा मिळाला, बँक कर्ज द्यायला तयार झाली, आणि तिथंच कळलं की जनरेटर नको. साडेबासष्ट केव्हीएचा सेट घेतला असता. जुलै २०२३ पासून जनरेटरला प्रदूषणाचे नवे निकष लागले, किमती चढल्या. आमच्याकडं येणारं कास्टिंगही तेव्हाच बदललं होतं, म्हणून हे मला आधीपासून ठाऊक होतं. एवढ्या सेटमधून लिटरभर डिझेलात तीन ते साडेतीन युनिट निघतात. डिझेल तेव्हा नव्वदच्या वर, म्हणजे नुसत्या इंधनाचे सव्वीस ते तीस रुपये युनिटला. बहात्तर रुपयांच्या ब्रेकडाउनसाठी ते परवडतं. पण सेट कितीही ऑटोमॅटिक घेतला तरी चालू होऊन लोड घ्यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. माझं नुकसान पहिल्या अर्ध्या सेकंदात होऊन गेलेलं असतं. दुसऱ्यांच्या जनरेटरची हाउसिंगं करणारा मी, माझ्याच दुखण्यावर जनरेटर चालत नाही हे समजायला मला वर्षभर वही लिहावी लागली.

मग यूपीएस, म्हणजे लाईट गेली की त्याच क्षणी बॅटरीवर धरणारी पेटी. तीनही मशीनला मिळून घ्यायचा तर बजेट बसेना, म्हणून फक्त व्हीएमसीला घेतला, ३० केव्हीएचा, बॅटऱ्या धरून पावणेतीन लाखांना. पहिले पंधरा दिवस नुसता ताप. स्पिंडल ब्रेक मारून थांबतो तेव्हा तो वीज उलटी परत ढकलतो. यूपीएसला ते सोसेना, तोच ट्रिप व्हायचा. लाईट गेलेली नसताना मशीन बंद! विकणाऱ्यानं शेवटी ब्रेकिंगचं सेटिंग बदलून दिलं, रॅम्प, म्हणजे स्पिंडल थांबायचा वेळ, लांबवला, सायकल टाइम सहा सेकंदांनी वाढला. चालतंय. वर्षाला साठेक हजार वाचतील असा हिशेब, बॅटऱ्या तीन-चार वर्षांत बदलाव्या लागणार. जेमतेम बसतं. पण व्हीएमसीवरचा पोरगा आता दुपारी निवांत जेवतो, त्याचे पैसे कुठल्या रकान्यात लिहायचे?

सोलरची गंमत वेगळी. सगळेच बसवत होते, मीही पत्र्यावर ३० किलोवॉट बसवले. अर्ज, आमच्या डीपीची क्षमता पुरते का याची तपासणी, मंजुरी, स्टॅम्पपेपरवर करार, दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर, त्याची टेस्टिंग. एका कागदावर लोड किलोवॉटमध्ये आणि दुसऱ्यावर केव्हीएमध्ये लिहिला गेला, त्यापायी तीन आठवडे गेले. एकूण चार महिने लागले, त्यातले चार दिवस काय ते पॅनेल बसवायचे. एक किलोवॉटला वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट धरतात. आमच्याकडं जून ते सप्टेंबर आभाळ खाली आलेलं असतं, तेव्हा निम्मंही मिळत नाही, उन्हाळ्यात भरून निघतं. बिल खाली आलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण मला मनातून वाटत होतं की आता लाईट गेली तरी दिवसा माझी वीज माझ्या पत्र्यावर आहे. पहिल्याच ब्रेकडाउनला भर दुपारी बारा वाजता, ऊन मी म्हणत असताना, सगळी शेड गपगार. कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, "मालक, लाईन बंद झाली की इन्व्हर्टरनं बंद व्हायचंच असतं. न्हाईतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या सोलरचा शॉक बसंल." बरोबरच आहे. वर गेली-आलीनंतर इन्व्हर्टर लगेच जोडत नाही, लाईन ठीक आहे याची खात्री होईपर्यंत थांबतो. सोलरनं मला स्वस्त युनिट दिलं. भरवशाचं युनिट ही वेगळी वस्तू आहे आणि ती वेगळ्या दुकानात मिळते. मी एकाचे पैसे देऊन दुसरी घरी नेतोय असं समजत होतो.

त्यात २०२५ च्या जुलैपासून दराच्या वेळा बदलल्या. आधी रात्री दहा ते सकाळी सहा युनिटला दीड रुपया सूट असायची. आमच्या शेजारी अर्ध्या टनाच्या भट्टीची फौंड्री आहे, मालकांना आम्ही आप्पा म्हणतो. एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात, म्हणजे टनामागं नऊशे रुपयांची सूट. आप्पांची रातपाळी त्या सवलतीवर उभी होती. आता सूट दिवसाच्या उन्हाच्या तासांना आली आणि संध्याकाळ महाग झाली. कारण उघड आहे. दिवसा सोलरची वीज ढिगानं, सूर्य मावळला की ओढाताण. माझ्या सोलरनं वाचवलेलं युनिटही त्यामुळं थोडं स्वस्त झालं, म्हणजे माझी बचत घटली. आप्पांनी रातपाळीची माणसं दिवसाला घेतली. चाळीस-चाळीस वर्षं रात्री भट्टीपुढं काढलेले दोघंजण म्हणाले, दुपारी भट्टीपुढं उभं राहवत नाही, आणि सोडून गेले.

आप्पांकडची गेली-आली माझ्यापेक्षा भारी. भट्टीत चौदाशे-साडेचौदाशे डिग्रीचा रस, आणि भोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून पाणी फिरतं ठेवावं लागतं. लाईट गेली की पंपही बंद. म्हणून त्यांनी उंचावर टाकी ठेवलीय. लाईट गेली की एक माणूस धावत जाऊन त्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो. त्या माणसाला दुसरं काही काम सांगायचं नाही असा शेडचा नियम आहे. एक अख्खा पगार, नुसता व्हॉल्व्हजवळ राहण्याचा. लाईट लांबली आणि रस भट्टीतच गोठला तर अस्तर फोडून काढावं लागतं. हे नुकसान ते कुणाला सांगत नाहीत. का ते पुढं येईल.

गेली-आली होते कशानं, हे शोधायला मी एका जुन्या वायरमनला चहा पाजला. जंपर ढिले, फांद्या लागतात, हे नेहमीचं. पण माझी वही चाळून तो म्हणाला, "ह्या नोंदी बघा, ठरावीक वेळेला हायेत. शेतीचा फिडर चालू व्हायची वेळ ती." आमचा फिडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी लाईन, वेगळा, पण सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर एकच. शेतीपंपांना ऑटो स्टार्टर असतात, लाईट आली की मोटर आपोआप चालू. शेकडो मोटरी एकाच सेकंदाला उठतात आणि मोटर उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तिकडं मोटरी उठल्या की इकडं माझं व्होल्टेज बसतं.

त्यातली एक मोटर माझ्या थोरल्या भावाची. नदीकाठी तीन एकर ऊस. मी त्याला म्हटलं, दादा, तो ऑटो काढ, मोटर हातानं चालू कर. तो म्हणाला, "रात्री अडीचला बांधावर मण्यार बघायला यायचं असलं तर ये की तू चालू करायला." शेतीची वीज पाळीनं येते, आठवड्यातले काही दिवस ती रात्रीच. २०२२ मध्ये दिवसा दहा तास विजेसाठी कोल्हापुरात शेतकरी दिवसरात्र धरणं धरून बसले होते, तेव्हा हाही दोन दिवस सतरंजीवर झोपून आला होता. त्याला काय सांगणार.

बरं, कॅपॅसिटर तरी लाव म्हटलं, साडेपाचशेला मिळतो, करंट कमी ओढला जाईल. त्यानं विचारलं, "मला काय फायदा?" आणि खरंच काही नाही. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे, सरकार भरतं. त्याआधीही दर कमी आणि तो भरून काढायला उद्योगाचा दर चढा, ही रीत देशभर आहेच. म्हणजे भावाच्या मोटरीचे थोडे पैसे मीच भरतो, आणि तीच मोटर माझा स्पिंडल थांबवते. दिवाळीला पाटावर शेजारी बसून आम्ही यावर हसलो. गेल्या उन्हाळ्यात त्यांची डीपी जळाली, सहा दिवस पाणी नाही, उसाचे शेंडे पिवळे पडले. त्यानंतर डीपीवरच्या अकराही जणांनी कॅपॅसिटर लावले आणि ऑटोला टायमर बसवून मोटरी मागं-पुढं केल्या. मी वर्षभर सांगून झालं नव्हतं ते. दिवसा सोलरवर शेतीचे फिडर चालवायची योजना आलीय, ती त्यांच्या फिडरला अजून पोचायची आहे.

पर्चेसवाल्यानं एकदा जेवताना नायजेरियाचं सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथं दिवसाला किमान वीस तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा दर एकदम तिपटीच्या वर नेला, युनिटला २२५ नायरा. बाकीच्यांचा दर तसाच, वीज जेवढी येईल तेवढी. म्हणजे भरवशाचा दर वेगळा लावला. मला हे ऐकून आधी बरं वाटलं, मग विचारलं, वीस तास म्हणजे कुठले वीस? उरलेले चार कधी जाणार ते सांगतात का? त्याला माहीत नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत वीजटंचाईला टप्पे ठरवले होते, पहिला, दुसरा, सहावा. आपला भाग कधी अंधारात जाणार ते लोक मोबाइलवर बघायचे. तास भरपूर जायचे. तरी माझ्यासारख्या वर्कशॉपवाल्यानं तिथं टूल वेळेत बाहेर काढलं असेल.

राहिला शेवटचा उपाय, स्वतःची वेगळी लाईन. सबस्टेशनपासून थेट आपल्या शेडपर्यंत, मधे दुसरं कुणी नाही, खर्च सगळा आपला. एकट्याला अशक्य, पण लागून असलेल्या जागांना मिळून घेता येते. आम्ही आठजण जमलो. मिसळ मागवली. अंदाजपत्रक ३४ लाख. समान वाटणी म्हटलं तर ग्राइंडिंगवाला उठला, "माझं एक मशीन, मला सव्वाचार लाख कसले?" लोडप्रमाणं म्हटलं तर आप्पांच्या वाट्याला निम्म्याच्या वर येत होतं. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, ज्याचं जेवढं नुकसान त्या प्रमाणात भरू, माझी वही आहे, तुमचंही सांगा.

सगळे गप्प. नंतर एकेकजण बोलला. एकाचं वर्षाला पाच हजार, एकाचं काहीच नाही, "आमचं चालतंय हो." आप्पा म्हणाले, "आमचं वीस-पंचवीस हजार असंल." रोज व्हॉल्व्हपाशी पगारी माणूस बसवणारे आप्पा! सगळ्यात मोठा आकडा माझाच, कारण माझाच तेवढा लिहिलेला.

चार बैठका झाल्यावर निम्मं समान, निम्मं लोडवर, असं ठरलं. सहाजणांनी सह्या केल्या, आप्पा त्यात आले. सातवा म्हणतो, तुम्ही करून घ्या, मी मागनं जोडून घेतो. आठव्याचा प्लॉट रस्त्याच्या पलीकडं, तो लागून धरायचा की नाही यावर कागद अडकलाय. दोघं सुटले तर माझा वाटा सहा लाखांच्या पुढं जातो, आणि वहीतले ९१ हजार तेवढ्याला पुरत नाहीत.

दुसरी वही सुरू आहे. काल दुपारची नोंद व्हीएमसीवरच्या पोराच्या अक्षरात आहे: "२.१७ गे-आ. यूपीएसनं धरलं, हाउसिंग ओके. सीएनसीवरचे दोन गेले."